ळ ज्या नंबरावर बसतो

२१ नोव्हेंबर १९९४. उल्हासनगरच्या छापखान्यातून यादी आणायची, एवढंच काम होतं. यादी कॉम्प्युटरच्या शब्दांची होती: इंग्रजी शब्द आणि समोर मराठी. मी अंबरनाथ पूर्वेला कॉम्प्युटर शिकवत असे. दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातल्या टायपिस्ट बायकांचा पहिला वर्ग होता आणि त्यांचे साहेब तो बघायला येणार होते. पसंत पडला तर काम माझं, नाहीतर कल्याणच्या इंग्रजी क्लासचं. आठवडाभर माझं कशात लक्ष नव्हतं.

गठ्ठा बांधून तयार होता. मी वरचा कागद ओढून वाचला. नेटवर्कसमोर मी 'जाळे' लिहिलं होतं, छापलं होतं 'जाड़े'. कीबोर्डचा 'कळफलक' झाला होता 'कड़फलक'. टाइम म्हणजे 'वेड़'.

"सेठ, हे वाचलंत का?"

"पढ़ा ना, अदी," सिंधी मालक म्हणाला; त्यांच्यात ताईला अदी म्हणतात. "जाड़े मतलब सर्दी. मौसम भी वही है."

"नेटवर्कचा सर्दीशी काय संबंध?"

"वो आप मास्टरनी हो, आपको मालूम."

चूक त्याची नव्हती. मशीनला अक्षर कळत नाही, फक्त नंबर कळतो. माझ्या फॉन्टमध्ये ज्या नंबरावर ळ होता, त्याच नंबरावर त्याच्या हिंदी फॉन्टमध्ये ड़ होता. फ्लॉपीतून नंबर तेवढे गेले. सोबत फॉन्ट द्यायचा मी विसरले होते.

"परत छापून द्या."

"परसों."

घरी येऊन पेन घेऊन बसले. उठले, पाणी प्यायले, परत बसले. दहाएक कागद दुरुस्त केले, पण ते इतके गबाळे दिसले की हात थांबला. वर्ग पुढे ढकलावा का, असं नवऱ्याला विचारलं.

"कारण काय सांगशील?" तो म्हणाला. "ळ हरवला?"

सकाळी लवकर जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात 'जाड़े' लिहिलं. बायका आल्या, मागून साहेब आले. न सुधारलेले कागद तसेच वाटले आणि म्हटलं, "पेनं काढा. हे असं का झालं ते आधी सांगते, मग दुरुस्त करू."

नंबराची गोष्ट सांगून झाली. बायका खाली मान घालून कामाला लागल्या. मागच्या बाकावर साहेबांनी खिसे चाचपले आणि पुढच्या बाईंकडे पेन मागितलं. त्यांना यादी द्यायची राहिली होती. मी एक नेऊन दिली.