कॉम्प्युटर पाचवर आणायचा हट्ट

आता तुम्ही हसणारच, तर आधी चहा खाली ठेवा!

आमच्या स्नेहलची नोकरीची मुलाखत. कंपन्यांचं नेट बंद पडलं की दुरुस्त करायची नोकरी, अन् मुलाखत घरच्या कॉम्प्युटरवर, अकरा वाजता. आमचं नेट तर रखडतंय! वाय-फायचे दोन बँड असतात बघा. २.४ लांब पोचतो पण संथ, पाचचा सुसाट. आमचा कॉम्प्युटर २.४ला चिकटलेला, सोडायचं नाव न्हाई. म्हटलं, आज याला पाचवर आणल्याबिगर जेवणार न्हाई!

"पप्पा, मी बघू का?"

"तू तयारी कर गं. बाप बसलाय ना!"

राउटरचं सेटिंग उघडलं, २.४ बंद केला. नेट गेलं, परत आलं. बघतो तर पुन्हा २.४! आरं, आत्ताच बंद केला की! सेटिंगात बघितलं, तर चालूच. राउटर माझी चेष्टा करतो व्हय? दात-ओठ खात परत बंद केला. अन् आला की पाच! व्हिडिओ लावून बघितला, कसा सुसाट पळतोय!

"स्नेहल! ये लवकर, अकरा वाजून गेले!"

बायको म्हणाली, "अहो, ती मघाशीच दादांच्या घरी गेली. तिथं मोबाईलवर मुलाखत देतीय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून थोरल्या दादांची हाक, "नाना, काय केलंस रं? पोरीची मुलाखत दोनदा तुटली!"

त्याचं असं हाय, आम्ही भाऊ वेगळे झालो, मधे भिंत घातली, पण वाय-फायला दोन्ही घरी एकच नाव, एकच पासवर्ड. लेकरांनी कुठंही बसावं! माझा कॉम्प्युटर भिंतीलगत, त्यानं दादांचंच नेट धरलेलं. म्हणजे पहिल्यांदा मी दादांचा २.४ बंद केला, तवा कॉम्प्युटर आमच्या राउटरच्या २.४वर उडी मारून बसला. स्नेहलचा जुना मोबाईल, त्याला पाच ठाऊकच न्हाई. तो बिचारा आमच्या २.४वर आला, तर मी तोही बंद केला!

पळत गेलो. पोरगी अंगणात, उन्हात उभी, मोबाईलच्या नेटवर बोलतीय. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. मोबाईलमधून साहेब विचारत होते, "दोनदा का तुटलं?" तिनं सगळं खरं सांगून टाकलं.

"बरं, नेट बंद पडलं तर पहिलं काम काय करशील?"

माझ्याकडं बघत म्हणाली, "सर, पप्पांना कॉम्प्युटरपासून उठवीन."

साहेब एवढे हसले, की तिथल्या तिथं नोकरी पक्की!