धाकटीचं एक वाक्य

नववीत असताना जुन्नरच्या आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी राजकन्या झाले होते. तीही ग्रीक पुराणातली, आणि तीही धाकटी, जिची कुणी दखलसुद्धा घेत नाही. नाटक आमच्या मराठीच्या सरांनी बसवलं होतं. वारा पडतो, राजाची जहाजं अडकतात आणि देवीला त्याच्या थोरल्या मुलीचा बळी हवा असतो. राजा घरी खोटा निरोप धाडतो: पोरीचं लग्न ठरलंय, पाठवून द्या. थोरली नटूनथटून जाते. धाकटीला अख्ख्या नाटकात एकच वाक्य: "बाबा, ताई कुठंय?"

थोरलीचं काम माझ्या सख्ख्या ताईकडं होतं. ती बारावीत होती, नर्सिंगला जायचं तिनं पक्कं केलं होतं. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आमचे वडील, अण्णा, तिला म्हणाले, "मढला आत्या आजारी हाय, चल, भेटून येऊ."

आत्या ठणठणीत होती. तिच्याकडं तळेघरचे पाहुणे मुलगी बघायला येणार होते. आमच्या स्वयंपाकघरातली ही कुजबुज मी आधीच ऐकली होती. आईनं दटावलं, "बोललीस तर नाटक बंद." मी बोलले नाही. एका वाक्यासाठी! आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ताईला तिथंच ठेवून अण्णा दुसऱ्या दिवशी गॅदरिंगला हजर. तिचं काम दुसऱ्या मुलीनं वहीत बघून रेटलं. मी माझं वाक्य म्हटलं, तर पहिल्या रांगेत अण्णा रुमालानं डोळे पुसत होते. स्वतःच्या लेकीला फसवून आलेला माणूस नाटकातल्या लेकीसाठी रडत होता! घरी जाताना मोटारसायकलवर म्हणाले, "लई रडवलंस गं."

ताईचं लग्न महिन्याभरात उरकलं. बारावीची परीक्षा राहिली ती राहिलीच, आणि नर्सिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

यंदा दिवाळीला ती माहेरी आली होती. अण्णांनी पाहुण्यांपुढं नेहमीची टेप लावली, "आमच्या धाकटीनं एका वाक्यात सगळ्यांना रडवलं व्हतं, राव!"

ताई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तवा मी कुठं व्हते, ते बी सांगा की, अण्णा."

अण्णांनी पाहुण्यांपुढं फराळाचं ताट सरकवलं. त्यांच्या त्या टाळण्याची मला इतकी चीड आली की मीच बोलले.

"मढला. आणि ताई, तू निघायच्या आधीच मला माहीत व्हतं."

ताईनं मेथी बाजूला सारली. मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"आणि तरी स्टेजवर मला शोधत व्हतीस व्हय गं?"