धोटामावशीचा पेनुला

ब्लँकेटच्या गिरणीत तिला सगळे ‘धोटा’ म्हणत, मागावर सारखा इकडून तिकडे पळणारा तो धोटा. हात थांबत नसे आणि तोंड तर त्याहून नाही. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, नाव मात्र चिकटून राहिलं आणि गल्लीत ती धोटामावशी झाली. आता तिनं गप्प घरी बसावं, अशी घरच्यांची माफक अपेक्षा होती. मावशी गेली संग्रहालय बघायला. तिथं रोमन शिपायाच्या पुतळ्यासमोर उभी राहून ती फिस्सकन हसली, कारण शिपायाच्या झग्याला मशीनची शिवण होती.

“हा नाटकवाल्यांकडून आणलाय वाटतं?”

संग्रहालयाच्या बाई वरमल्या. “काय करणार? खरा पेनुला, म्हणजे रोमन लोकांचा हा टोपीवाला झगा, अख्खा अर्धगोल मागावरच विणतात, कुठेही न कापता. लोकर हाताने कातायची. आणि पाऊस अडला पाहिजे. आता एवढं करतंय कोण?”

“मी करते,” मावशी बोलून बसली.

“पाणी आत आलं नाही, तर तुमचाच पुतळ्याला घालू,” बाई म्हणाल्या.

घरी नवरा टेलर. जन्मभर कात्री चालवलेला माणूस. “न कापता केलेल्याला कपडा नाही, चादर म्हणतात,” असं म्हणून तो मोकळा झाला. मावशीनं सोफा बाहेर काढला आणि खिडकीपाशी उभा माग ठोकला. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकांना मातीची वजनं बांधली. एका कोपऱ्यातून अरुंद सुरुवात करायची, ताणे वाढवत मध्यापर्यंत जायचं आणि मग तसेच कमी करत दुसरं टोक गाठायचं. दिवसभर वजनांचा खडखडाट. सूनबाईनं टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिला पेनुला दिसायला देखणा झाला. बाथरूममध्ये शॉवरखाली धरला, तर मेल्यानं घटाघटा पाणी पिऊन दाखवलं.

मावशी तिथंच पाटावर बसून रडली. गिरणीत कातणारी एक, विणणारी दुसरी, शिक्का मारणारा तिसराच. हजारो ब्लँकेटं हाताखालून गेली, पण हे माझं म्हणावं असं एकही नव्हतं. हा पहिला कपडा सगळा तिचा होणार होता आणि तोच पाण्यात गेला.

नवऱ्याला रडणं बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, “अगं, मेंढ्या कुठं छत्री घेऊन फिरतात?”

मावशी रडायची थांबली. लोकरीतला तेलकटपणा पार काढायचा, हा गिरणीतला पहिला धडा. तिनं इमानेइतबारे साबणानं घासून तो काढला होता. आणि मेंढीला कोरडं ठेवतो तो तोच!

मग पुन्हा श्रीगणेशा. या वेळी लोकर फक्त निवडली आणि गार पाण्यातून काढली. “आई, घरात मेंढी बांधलीय का?” सूनबाईनं नाकाला पदर लावून विचारलं. मावशीनं तिकडे साफ कानाडोळा केला. चातीवर सूत काढलं, अर्धगोल मुद्दाम मोठा विणला आणि कोमट पाण्याच्या टबात टाकून पायांनी तुडवायला घेतला. तुडवलं की वीण आटून घट्ट होते. पण जास्त आटली, तर कुणाचा बाप ती परत सैल करू शकत नाही. नवरा पँट दुमडून मदतीला उतरला. टेप गळ्यातच होती. तो मापत राहिला आणि एकदम ओरडला, “बस्स! पाय काढ!” नंतर टोपी विणून झाल्यावर ती गळ्यापाशी हातानं जोडून दिली त्यानंच.

परीक्षेला संग्रहालयाच्या बाई घरीच आल्या. पेनुला घालून नवरा अंगणात उभा राहिला. मावशी बादली घेऊन गच्चीत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात ही इच्छा कधी झाली नव्हती असं नाही, फक्त निमित्त मिळत नव्हतं. तिनं बादली ओतली. पाणी टोपीवरून, खांद्यांवरून घरंगळत फरशीवर गेलं. तिनं दुसरी ओतली.

“ही कशाला?” खालून नवरा ओरडला.

“ही माझ्यातर्फे!”

बाईंनी पेनुल्यात हात घालून सदरा चाचपला. पाठ, खांदे, बाह्या, सगळं कोरडं ठणठणीत. “पुतळ्याचा झगा आजच उतरवते,” त्या म्हणाल्या.

मावशीला आनंद आवरेना. कठड्यावरून वाकून तिनं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं, “मी विणलाय! ऐकलंत का? कातलाय मी, विणलाय मी, सगळा माझा आहे!”

“टोपी मी जोडली,” नवरा खालून म्हणाला. पण आज त्याचं कोण ऐकतंय!