दाबून धरलेला अंगठा

त्याचा उजवा अंगठा चपटा होता. जन्मापासून नव्हे, कामाने झालेला.

आमच्या कारखान्यात जुने कॉम्प्युटर दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला जायचे. मी तिथे फिटर होतो. पट्टे, पंखे, दारं, जे जे हलतं ते माझ्याकडे. तो बाकावर बसून चिप्सवर हीटसिंक चिकटवायचा. चिप चालताना तापते. तिच्या डोक्यावर अॅल्युमिनियमचा, पात्यापात्यांचा ठोकळा बसवतात. तो उष्णता ओढून घेतो आणि हवेत सोडतो. मोठ्या चिपला त्यासाठी स्क्रू असतात. लहान चिपांना तेवढी जागा नसते, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावतात. थर्मल टेप. ती ठोकळा धरूनही ठेवते आणि उष्णताही पलीकडे जाऊ देते.

काम सोपं दिसतं. तसं नाही. चिप आधी स्पिरिटने पुसायची आणि वाळू द्यायची. पुसलेल्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की टेप धरत नाही. टेप चिपच्या मापाची कापायची. एका अंगाची निळी फिल्म काढून ती ठोकळ्याला लावायची. मग दुसऱ्या अंगाची पारदर्शक फिल्म काढायची आणि ठोकळा चिपवर टेकवायचा. टेकवायचा एकदाच, सरकवायचा नाही. मग अंगठ्याने दाबायचं, नख पांढरं पडेपर्यंत, आणि पांढरं पडल्यावर आणखी. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. टेप हळूहळू पकड घेते.

बाकीचे दाबल्यासारखं करायचे. तो दाबायचा. त्याचं काम कधी परत आलं नाही. आम्ही त्याला चिकटराव म्हणायचो.

"चिकटराव, लग्न का रे जमलं नाही तुझं?" जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी हमखास विचारायचं.

"वेळ मिळाला नाही."

"मुलगी बघायला गेला असेल," फोरमन म्हणायचा, "आणि म्हणाला असेल, आता उद्यापर्यंत कोणी हात लावू नका."

सगळे हसायचे. तोही हसायचा, पण डबा बंद करून सगळ्यांच्या आधी उठायचा.

तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. आईवडिलांची दोन खोल्यांची जागा. एका खोलीत तो, दुसऱ्या खोलीत त्याची मोठी बहीण. मधलं दार खिळे मारून बंद केलेलं. दोघांची बाहेरची दारं मात्र जिन्यावरच्या एकाच बोळात, शेजारीशेजारी. बहिणीला सगळी इमारत ताई म्हणते. ती शिवणाच्या कारखान्यासाठी कपड्यांचे साचे काढते. बाही, गळा, खिसा, सगळं कॉम्प्युटरवर आखून देते. कात्री हातात घेतली की रेघ सोडून केसभर इकडेतिकडे जात नाही.

दोघं एकमेकांशी बोलत नसत.

ते असं झालं. आई अंथरुणाला खिळली होती, ताई तिचं सगळं करत होती. एके दिवशी सकाळी तिचा फोरमनच्या फोनवर निरोप आला, आईचं काही खरं नाही, लगेच ये. चिकटरावापुढे बोर्डांचा आख्खा ट्रे मांडलेला होता. फिल्म काढून झाल्या होत्या. उघड्या टेपवर धूळ बसली की ती फुकट जाते.

"हातातलं संपवून येतो," तो फोनवर म्हणाला.

फोरमन म्हणाला, "अरे जा ना. टेप गेली तर गेली." मी तिथेच पंख्याला तेल घालत होतो. मी ऐकलं. चिकटरावाने मान डोलावली आणि पुढचा ठोकळा उचलला. त्याला आईची माया नव्हती असं नाही. अर्धवट टाकून उठायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. त्याने ट्रे संपवला, हात धुतले आणि निघाला. घरी पोचला तेव्हा आई गेलेली होती.

ताई दारात उभी होती. "संपवलंस?" तिने विचारलं.

तो "हो" म्हणाला.

ते शेवटचं बोलणं. मधल्या दाराला खिळे तिने मारले. तो पलीकडे बसून ऐकत राहिला.

पुढे बऱ्याच काळाने एका उन्हाळ्यात बोळातल्या स्टुलावर ताईचा कॉम्प्युटर येऊन बसला. ना चिठ्ठी, ना निरोप. तिचं दार बंद. चिकटरावाने तो आत नेला, उघडला. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डावर लहान चिपांची रांग असते. डब्यात ते कार्ड पालथं बसतं, त्यामुळे हीटसिंक वटवाघळासारखे उलटे लटकतात. दोन गळून पडले होते. त्याने रांगच्या रांग नव्याने चिकटवली, रात्रभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मशीन स्टुलावर नेऊन ठेवलं. संध्याकाळी स्टूल रिकामं होतं.

मग तो रिवाजच पडला. उन्हाळा चढला की मशीन स्टुलावर येई. कधी टेप जुनी झालेली असे, कधी नुसती धूळ साचलेली. कधी काहीच झालेलं नसे.

"काही बिघडलेलं नाही यात," एकदा मी झाकण उघडं असताना म्हणालो. "उगीच पाठवलंय."

"तू तुझे पंखे बघ," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याने मला साखर जास्त घालून चहा दिला.

त्याच्या खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीला लावलेली एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हती. मी खाटेवर बसायचो. ताईच्या खोलीतून कात्रीचा आवाज यायचा. कात्री थांबली की तोही बोलायचा थांबायचा. कान देऊन बसायचा. पुन्हा सुरू झाली की बोलणं पुढे.

आम्ही दोघं निवृत्त झालो. त्यानंतर त्याचे डोळे गेले. एकदम नाही. आधी तो वर्तमानपत्र हातभर लांब धरायला लागला, मग घ्यायचंच बंद केलं. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायला लागला.

"डोळे दाखव," मी म्हणालो.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? बल्बच कमी पॉवरचा आहे."

मी जास्त पॉवरचा बल्ब आणून लावला. त्याने वर बघितलं. "आता बरं," म्हणाला, आणि साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा डबा पुढे केला.

त्या उन्हाळ्यात मशीन आलं तेव्हा मी तिथेच होतो. त्याने नेहमीसारखं सगळं केलं. पुसणं, कापणं, दाबणं. दुसऱ्या दिवशी एकेक ठोकळा नखाने ढकलून पाहिला. एकही हलला नाही. मशीन स्टुलावर गेलं. संध्याकाळी स्टूल रिकामं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो तर मशीन पुन्हा स्टुलावर. झाकण काढलेलं. वर मधोमध एक हीटसिंक पालथा ठेवलेला.

चिकटराव त्याच्यापुढे उभा होता. "तू आणून ठेवलंस?"

"मी कशाला?"

त्याने ठोकळा उचलला, तळावरून अंगठा फिरवला. मग डाव्या हाताची करंगळी फिरवली. करंगळीला कळलं. तळाला टेप होती आणि टेपवर पारदर्शक फिल्म तशीच होती. काढायची राहिली होती. तो ठोकळा चिपला चिकटलेलाच नव्हता. शेजारच्या दोघांमध्ये अडकून राहिला होता, म्हणून नखाने हलला नाही. मशीन तापलं, थरथरलं आणि तो खाली पंख्यावर पडला.

"फिल्म राहिली," तो म्हणाला.

"होतं कधीकधी."

"कोणाचं होतं?"

त्याचं कधी झालं नव्हतं.

मशीन आत नेलं. तो खुर्चीवर बसला, मांडीवर ठोकळा घेऊन. कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं ताई तिथे गेली नव्हती. मी जे बोलून दाखवलं नाही ते तोच बोलला.

"आता ती दुकानात देईल. बरोबर आहे. परत आलेलं काम कोण ठेवून घेतं?"

"दे इकडे. फिल्म मी काढतो, दाब तू."

"नको."

"अरे, तिला कुठे कळणार आहे?"

"मला कळेल. तिने मशीन तुझ्याकडे पाठवलेलं नाही."

त्याने टेपचा तुकडा कापला. माप हाताने घेतलं, ते बरोबर आलं. निळी फिल्म निघाली, तिचा रंग त्याला अजून दिसत होता. पारदर्शक फिल्मची कड मात्र सापडेना. तिची कड नखात धरायला ती आधी अंगठ्याला लागावी लागते. त्याचा अंगठा इतकी वर्षं दाबून दाबून असा झाला होता की त्याला आता काही लागत नव्हतं. करंगळीला लागायचं, पण करंगळीला सोलता येत नव्हतं. तुकडा चुरगळला. दुसरा कापला. तोही गेला. मी खाटेवर बसून बघत होतो. माणूस एखाद्या कामाशी झटत असला की मध्ये हात घालू नये, हे मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. बघत बसणं अवघड होतं.

पलीकडे कात्री वाजत नव्हती. मशीनच नाही तर साचा कुठून येणार, आणि कापणार काय.

दुपारी त्याने झाकण लावलं. मशीन उचललं, पायाने दार ढकललं आणि बोळात जाऊन स्टुलावर ठेवलं. सुटा ठोकळा वर. टेपचं अख्खं रीळ त्याच्या शेजारी. दुकानवाल्याला उपयोगी पडेल म्हणून.

त्याने काम अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तो आत आला, खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "जाताना दार ओढून घे," म्हणाला.

मी खाली आलो. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढून गेलो तेव्हा तो बोळात स्टुलापुढे वाकून उभा होता. मशीन होतं तिथेच होतं. रीळही होतं. पण मशीनवर एक स्टीलची ताटली होती आणि ताटलीत टेपचे तुकडे मांडलेले होते. कापडाचा साचा कापावा तसे, चिपच्या मापाचे, चारही कोपरे काटकोनात. प्रत्येक तुकड्याच्या पारदर्शक फिल्मचा एक कोपरा वर दुमडलेला. चांगला जाड दुमडलेला. आंधळ्यालाही सापडावा असा.

त्याने एक तुकडा उचलला. अंगठ्याने तो कोपरा चाचपला. परत चाचपला.

"कोणी केलं हे?" त्याने मला विचारलं.

"इथे कात्री कोणाकडे आहे?"

त्याने मशीन, ताटली, रीळ, सगळं दोन खेपांत आत नेलं. मला हात लावू दिला नाही. मग बसला. चिप पुसली, वाळू दिली. निळी फिल्म काढून तुकडा ठोकळ्याला लावला. दुमडलेला कोपरा धरून पारदर्शक फिल्म ओढली. ती एका झटक्यात निघाली. ती फिल्म त्याने टाकली नाही, गालावर टेकवून पाहिली आणि बाजूला ठेवली. ठोकळा टेकवला. एकदाच. आणि अंगठा ठेवला.

दार उघडंच राहिलं होतं. ताई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. बाहेर जायचे कपडे, हातात पिशवी. मी तिला त्या दारात कधी पाहिलं नव्हतं. केस पूर्ण पांढरे. तिने खोलीवरून नजर फिरवली, खाट, टेबल, एकच खुर्ची. मग माझ्याकडे बघून बोलली.

"मिस्त्री, त्याला सांगा, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलाय. आत्ता निघायला हवं. दुपारी बंद होतो."

चिकटराव हलला नाही. पाठ तिच्याकडे, अंगठा ठोकळ्यावर. नख पांढरं पडलं नव्हतं अजून.

"हातातलं," तो म्हणाला आणि थांबला.

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. ताईही तिकडेच बघत असावी.

त्याने अंगठा उचलला.

उठला, चपला शोधल्या. त्या खाटेखाली गेल्या होत्या. मी पायाने पुढे सरकवल्या. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ताई तोवर जिन्यापाशी पोचली होती. ती थांबली नाही, पण भराभर उतरलीही नाही. तो कठडा धरून मागोमाग उतरत गेला. ती पुढे, तो मागे. दोघांत एक शब्द नाही. खालचं दार वाजलं तेव्हाही नाही.

मी खोलीत एकटाच राहिलो. थोड्या वेळाने ठोकळ्याला नखाने ढकललं. तो सरकला. पकड घेतली नव्हती. तो मी काढला, टेप खरवडून टाकली, तळ पुसून ठेवला. एक तुकडा वाया गेला. ताटलीत अजून बरेच होते, कोपरे दुमडलेले. त्यांना हात न लावता मी दार ओढून घेतलं.