इन्चार्ज सिस्टरचा फॉर्म

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी पावणेबारा वाजता माझ्या बायकोचा रक्तदाब १७८ बाय १०४ भरला. मोजणारा डॉक्टर तिच्याच रुग्णालयातला होता. नाशिकरोडच्या त्या खासगी रुग्णालयात ती हृदयरोग्यांच्या आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. नोकरीला पंचवीस वर्षे झाली, त्यातली अकरा आयसीयूत. त्या दिवशी ती डबा घरी विसरली होती, म्हणून मी तिथे होतो. पुढचे बरेचसे मी समोरच्या बाकावरून पाहिले. जे पाहिले नाही, ते तिला आणि विभागातल्या मावशींना वेगवेगळे विचारून घेतले.

रुग्णालयाने कर्मचाऱ्यांच्या हृदयाची तपासणी ठरवली होती. फॉर्मवर वजन, कमरेचा घेर, साखर, रक्तदाब, झोप, तंबाखू आणि घरात कोणाला हृदयविकार होता का, असे रकाने होते. फॉर्म प्रत्येक विभागाने आपापले भरून पाठवायचे होते. गडबड तिथेच झाली. दिवसभर परक्यांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या सिस्टर एकमेकींच्या दंडाला तो बांधत नाहीत. एक दुसरीच्या तोंडाकडे बघते आणि १२० बाय ८० लिहिते. मग दुसरीही पहिलीचे तेवढेच लिहिते. यात फसवणूक कमी आणि शिष्टाचार जास्त असतो. नवी आलेली सिस्टर खरोखर पट्टा घेऊन उभी राहिली, तर तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले जाते.

माझ्या बायकोला त्यावेळी शिष्टाचाराहून मोठी काळजी होती. ज्यांचे आकडे वाईट येतील त्यांना आयसीयूतून काढून ओपीडीच्या टेबलावर बसवणार, अशी बातमी आठवडाभर फिरत होती. बातमीला आधार नव्हता, पण कोणी ती नाकारलीही नव्हती. ओपीडीत केसपेपरवर शिक्के मारण्यापेक्षा मी घरी बसेन, असे ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ती हसत नव्हती.

आमच्या इमारतीचे रक्तदाब दर रविवारी तीच मोजते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांचे पापड तिने वर्षभर बंद ठेवले आहेत. ते तिला जिन्यात बघून पिशवी पाठीमागे धरतात. ती स्वतः सकाळी चहावर निघते. दुपारचा डबा चार वाजता उघडतो, आणि मधल्या वेळेला टेबलाच्या खणातले फरसाण असते. रात्रपाळीनंतर ती दिवसा झोपते, म्हणजे दारावरची बेल वाजेपर्यंत झोपते. तिचे वडील निफाडला अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिले होते. मी वर्तमानपत्रात काम करतो. मी ते दाखवले तेव्हा ती म्हणाली, “अहो, तुम्ही तुमच्या बातम्या तपासा.”

फॉर्म फिजिशियनकडे गेले. हा डॉक्टर वीस वर्षांपूर्वी इथेच शिकाऊ होता आणि शीर कशी शोधायची ते तिनेच त्याला दाखवले होते. आयसीयूच्या सगळ्या सिस्टरचे १२० बाय ८० त्याने चालवून घेतले. पण त्यातली एक सिस्टर चार दिवसांपासून कळवणला माहेरी गेलेली होती. तिचाही रक्तदाब १२० बाय ८० होता. अक्षर माझ्या बायकोचे होते.

डॉक्टर स्वतः पट्टा घेऊन वर आला. कळवणहून रक्तदाब कसा आला, असे त्याने विचारले. ती आल्यावर तिची धावपळ नको म्हणून लिहून ठेवला, असे उत्तर मिळाले. तो म्हणाला, सगळ्यांचे पुन्हा मोजायचे. ती म्हणाली, सुरुवात सरांपासून करू. आणि तिने टेप काढली.

डॉक्टरने पोट आत ओढले.

“सर, श्वास सोडा.”

“सोडलाय, सिस्टर.”

“सोडलेला नाही. मी थांबते.”

ती थांबली. एकशे चार सेंटिमीटर भरले. सिस्टर लोकांनी टेबलावरच्या कागदांत लक्ष घातले.

मग मावशींची पाळी आली. त्या दिंडोरीकडच्या, साठीला आलेल्या. त्यांचा रक्तदाब विभागात सगळ्यांत चांगला निघाला. डॉक्टरने कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काय व्हतंय? तुम्ही समदे लिफ्टनं जाता, म्हनून मला जागाच नाय. मी जिन्यानं जाते.”

माझी बायको शेवटी बसली. तिने बाही वर केली आणि आता चहा घेतलाय, आकडा थोडा वर दिसेल, असे आधीच सांगून ठेवले. हे वाक्य तिच्या रुग्णांनी म्हटले की ती त्यांना गप्प करते. डॉक्टरने पाच मिनिटे थांबून दोनदा मोजले. मग आवाज खाली आणून विचारले, “सिस्टर, काय लिहू?”

आयसीयूच्या काचेच्या दाराकडे तिने एकदा पाहिले. मग म्हणाली, “मला ओपीडीत बसवणार का, ते आधी सांगा.”

“ते मला माहीत नाही. गोळी आजपासून लागणार, एवढं माहीत आहे.”

“द्या इकडे. मी लिहिते.”

केसपेपरवर खाडाखोड करतात तशी तिने जुन्या आकड्यावर एकच रेघ मारली, शेजारी १७८/१०४ लिहिले, सही आणि वेळ टाकली. तसेच वडिलांच्या रकान्यातले ‘नाही’ खोडून ‘हो’ केले. कळवणच्या सिस्टरचा फॉर्म तिने फाडला आणि तिच्यासाठी नवा कोरा खणात ठेवला.

त्याच दुपारी तिचा ईसीजी काढला. त्यात दोष निघाला नाही. गोळी सुरू झाली. शुक्रवारी प्रशासनाचे पत्र आले: रात्रपाळी तीन महिने बंद, विभाग तोच. सोमवारी सकाळी आठ वाजता ती आयसीयूत कामावर हजर झाली.