तांब्याचं गाऱ्हाणं

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं, आणि त्या वयात मी केमिस्ट्रीला बसलो. शाळा मी तिसरीत सोडली होती. कोणी सोडवली नाही, मीच सोडली.

नात मालवणला कॉलेजात, सायन्सला. दुसऱ्या दिवशी तिची प्रयोगशाळेतली तोंडी परीक्षा होती, तांब्याचं कशाने काय होतं त्यावर. तिला सगळं येत होतं, पण कागदावर. सरांनी समोर उभं करून विचारलं की घसा बंद. मागच्या खेपेला ती नुसती उभी राहून परत आली होती. दुपारी भाताकडे बघत म्हणाली, "ह्या खेपेक पण तसाच झाला तर मी सायन्स सोडतलंय."

आमच्या घरात सोडणारा एक झाला तेवढा पुरे.

संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो आणि ती अंगणात पुटपुटत फेऱ्या मारत होती. मी म्हटलं, "देवाक तरी ऐकाक येवंदे. गाऱ्हाणा घाल, मी व्हय म्हणतंय."

गाऱ्हाणं घालताना आमच्याकडे देवळात एक जण मागणं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिथे पुटपुटून भागत नाही. मागच्याला ऐकू गेलं नाही, तर व्हय येत नाही.

"तांब्याचा गाऱ्हाणा?" ती हसली.

"तांब्यान काय पाप केल्यान?"

ती उभी राहिली. "बा देवा म्हाराजा, तांब्याच्या तारेर नायट्रिक ॲसिड घातला, तपकिरी धूर इलो, पाणी निळा झाला."

"व्हय म्हाराजा."

"त्येच्यात कॉस्टिक सोडा घातला, निळो गाळ बसलो. गाळ तापवलो, काळो झालो."

"व्हय म्हाराजा."

माझे डोळे मिटले होते. माडांतून खाडीचा वारा येत होता आणि मला ते तांबं दिसत होतं. आधी निळं, खोल पाण्यासारखं. मग दाट, ढवळलेल्या निळीसारखं. मग विझलेल्या चुलीसारखं काळं. कुणीतरी दूर गावी निघालंय आणि प्रत्येक वळणावर कपडे बदलतंय, असं काहीतरी.

"काळ्यात जस्त घातला, तांबा परत इला."

"व्हय म्हाराजा."

तिने कपाळावर हात मारला. "आजोबा, मधला ॲसिड ऱ्हवला माझ्याकडसून. तुमी व्हय कशाक म्हटलात?"

"तू सांगलंस म्हणान."

"म्हणजे नंदीबैल."

ते मला लागलं. "बस हय," मी म्हटलं. "माका नाय म्हणूक शिकव."

ती बसली. मी सहज ऐकणारा नव्हे. ती काळी भुकटी ॲसिडात विरघळून निळं पाणी होतं, हे मी मानेना. तेव्हा ती म्हणाली, "देवाचो तांब्यो काळो पडता. तुमी कोकमाच्या सोलांनी घासतास. काळा खंय जाता?"

"पाण्यात."

"मगे? तसाच. त्या पाण्यात जस्त घातला काय तांबा खाली बसता."

एवढी रूपं घेऊन तांबं कुठे गेलंच नव्हतं तर.

मग तिने पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं, मुद्दाम मधेमधे चुकवत. मी नाय म्हटलं की ती विचारी, "कशाक नाय?" आणि मला सांगता आलं नाही की स्वतःच सांगे. तिचा आवाज चढत गेला. शेवटचं व्हय मी म्हणायच्या आधी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजाऱ्याने म्हटलं.

सकाळी मी तिच्याबरोबर एस्टीच्या थांब्यावर गेलो. ती पुन्हा मुकी झाली होती. आजूबाजूला माणसं होती. मी टोपी सारखी केली आणि मोठ्याने विचारलं, "काळ्यात जस्त घातला, तांबा परत इला?"

"नाय," ती खाली बघून म्हणाली.

"ऐकाक नाय येना."

"पयला ॲसिड घालूचा लागता, आजोबा."

मासळीची पाटी घेऊन उभी असलेली बाई वळून बघू लागली. नातीने मान खाली घातली नाही. एस्टी आली, ती चढली. मी घरी आलो, देवाचा तांब्या आणि मूठभर सोलं घेतली आणि विहिरीवर घासत बसलो.