जॅकेटची मागची बाजू

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, हे मी कुणी न विचारताही सांगते. बी.कॉम. झाले आणि एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीवर लागले. गाव अजिंठ्याकडं. जॅकेट घालायचा नियम आला तेव्हा आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून अंगावर पत्रा बांधून फिरतीस व्हय?"

"पत्रा नाय, बुलेटप्रूफ जॅकेट. आणि गाडीवर जाणारी अख्ख्या डेपोत मी एकटीच बाई."

एकटीच, हे तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं होतं.

जॅकेट पुरुषी मापाचं. ते बेंबीच्या वर संपावं लागतं, नाहीतर बसलं की खालची कड मांडीला टेकते आणि वरची गळ्यात घुसते. आत सुती कपडाच हवा. इथल्या उन्हात दुसरं काही अंगावर टिकत नाही. छातीच्या खिशात पेन ठेवायचं नाही, धक्का बसला तर तेच रुततं. चाव्या, टॉर्च, शिट्टी कमरेच्या पट्ट्याला, हात सहज जाईल अशी. हे सगळं पटकन जमलं. अडलं ते बाजूच्या पट्ट्यांवर. ते ओढले की मागची बाजू वर सरकते. मागून कुणाला तरी ती खाली धरून ठेवावी लागते.

गडी एकमेकांची धरायचे. पट्टे आवळून झाले की पाठीवर थाप, "चल रे वाघा!" माझी पाळी आली की सगळे तोंड फिरवून उभे राहायचे. मान देत होते, कळत होतं मला. पण त्या मानापायी माझं जॅकेट वाकडंच राहायचं.

शेवटी सुपरवायझरच्या नजरेला ते आलंच. "मॅडम, असं घालून मी वाळूजला पाठवणार नाही. उद्या नीट बसलं नाही, तर गाडी सोडा आणि ऑफिसात बसा."

बजाजनगरच्या खोलीवर आले. आईनं फोनवर विचारलं, "कुणी नीट बांधून देतं का गं?"

"देतात की," म्हटलं आणि फोन ठेवला.

तशीच भिंतीला टेकून खाली बसले. उठायला गेले, तर पाठीमागचा कुर्ता भिंतीशी दबून तिथंच अडकला. मी वर आले, तो खालीच राहिला. पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग एकटीच हसले.

सकाळी डेपोत जॅकेट चढवलं, गुडघे वाकवून पाठ भिंतीला दाबली आणि सावकाश सरळ झाले. जॅकेट जागेवर बसलं. तसंच दाबून धरून दोन्ही पट्टे ओढले.

सुपरवायझर लांबूनच म्हणाला, "तळहात आत जातो का? तुम्हीच घालून दाखवा." गेला. श्वासही नीट घेता आला.

"बसा गाडीत."

बंदूकवाले काका, फौजेतून आलेले, मागं उभे होते. "ताई, पाठीला चुना लागलाय."

काळ्या जॅकेटवर भिंतीचा पांढरा पट्टा उठला असणार. काकांनी झटकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मी माझा हात मागं नेला. तो तिथवर पोचत नव्हता.

"असू द्या काका."

पुढं दोघांच्या पाठीवर थाप पडली. मी गाडीत चढले, दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "चला."